चांगल्या अपाचेचं पुढे काय झालं?

माझ्या लहानपणी रमजानच्या दिवसांत आमच्या घरी ‘द मेसेज’ची सीडी हमखास लागायची. मोहल्ल्यात तिच्या प्रती हातोहात फिरायच्या. अँथनी क्विनने साकारलेले हजरत हमजा सगळ्या पोरांचे हिरो. माझं लक्ष मात्र अबू सुफियानची भूमिका करणाऱ्या माणसाकडे जायचं. रुंद कपाळ, खोल डोळे, आणि पराभव समोर दिसत असतानाही न वाकणारी मान. तो नट कोण, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

गेल्या रमजानमध्ये तोच सिनेमा पाहताना मी मोबाइलवर त्याचं नाव शोधलं. मायकेल अन्सारा. अम्मी लगेच म्हणाली, “अन्सारी असेल.” तो अन्सारी नव्हता. 1922 मध्ये सीरियातल्या एका गावात जन्मलेला आणि अगदी लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत गेलेला हा माणूस. ‘द मेसेज’ 1976 चा. त्याच्या वीस वर्षं आधीच अन्सारा अमेरिकेत घरोघरी ओळखीचा झाला होता, तो एका अपाचे सरदाराच्या भूमिकेमुळे. मालिकेचं नाव होतं ‘ब्रोकन अ‍ॅरो’, म्हणजे मोडलेला बाण.

मी जुने भाग शोधून पाहिले. सुरुवातीला गंमत म्हणून पाहत होतो. मग त्यामागचा खरा इतिहास वाचत गेलो आणि झोप उडाली. हा लेख त्या झोप उडण्याबद्दल आहे.

आपल्या पिढीला ‘अपाचे’ म्हटलं की आधी बाइक आठवते. त्यानंतर आठवतं ते हवाई दलाचं हेलिकॉप्टर, जे 2019 मध्ये पठाणकोटला दाखल झालं. आपल्या वडिलांच्या पिढीला ‘मॅकेनाज गोल्ड’ आठवतो, त्यातल्या डोंगरदऱ्यांत घोड्यांवरून पाठलाग करणारे अपाचे आठवतात. अपाचे हा जिवंत माणसांचा समाज आहे, त्यांची पोरं आजही शाळेत जातात आणि नोकऱ्या शोधतात, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. एखाद्या समाजाचं नाव यंत्राला चिकटलं की माणसं मागे पडतात.

दोन दोस्तांची गोष्ट

‘ब्रोकन अ‍ॅरो’ 1956 ते 1958 या काळात अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर चालली. अर्ध्या तासाचा एक भाग, कृष्णधवल, असे सत्तरहून अधिक भाग. तिच्या आधी याच नावाचा 1950 चा सिनेमा होता आणि त्याच्याही आधी एलियट अर्नोल्ड यांची 1947 ची ‘ब्लड ब्रदर’ ही कादंबरी. गोष्ट अ‍ॅरिझोनातली, 1870 च्या आसपासची. टॉम जेफर्ड्स हा गोरा माणूस. तो टपालाच्या कामात असतो. दुसरा कोचीस, चिरिकाहुआ अपाचेंचा सरदार. एकीकडून वस्ती वाढवत येणारे गोरे, दुसरीकडे आपली जमीन राखणारे अपाचे, आणि मधे या दोघांची दोस्ती.

मालिकेचा साचा दोन-चार भागांतच कळतो. कधी एखादा लबाड व्यापारी, कधी उतावळा लष्करी अधिकारी, कधी रागावलेला अपाचे तरुण काहीतरी आगळीक करतो. दोन्ही बाजू हत्यारं उपसतात. मग जेफर्ड्स घोड्यावर टांग टाकतो, कोचीसकडे जातो, दोघं बोलतात, खरा गुन्हेगार सापडतो आणि समझोता वाचतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

त्या काळाचा विचार केला तर हे थोडं नव्हतं. बहुतेक वेस्टर्न सिनेमांत अपाचे म्हणजे टेकडीआडून किंकाळ्या फोडत येणारी टोळी असायची. त्यांना चेहरा नसे आणि नाव नसे. इथे मात्र अपाचे सरदार विचार करतो, दिलेला शब्द पाळतो आणि गोऱ्यांपेक्षा जास्त सभ्य दिसतो. 1950 च्या सिनेमाला तर आंतरराष्ट्रीय सलोखा वाढवणारा चित्रपट म्हणून गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला होता.

गोष्ट पूर्णपणे बनावही नाही. जेफर्ड्स आणि कोचीस ही दोन्ही खरी माणसं, त्यांची दोस्तीही खरी. ती नेमकी कधी आणि कशी सुरू झाली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. जेफर्ड्स एकटाच, बिनधास्त कोचीसच्या तळावर गेला, ही आख्यायिका मात्र अ‍ॅरिझोनात अजून सांगितली जाते.

मला ही मालिका खोटी वाटत नाही. तिची गोष्ट जिथे संपते, ती जागा मला खटकते. मालिका दोस्तीवर थांबते. त्या दोस्तीचं पुढे काय झालं, हे पडद्यावर येत नाही.

दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा

आधी थोडं मागे जाऊ. कोचीस आणि अमेरिकी लष्कर यांच्यातलं वैर सुरू झालं ते 1861 मध्ये. एका शेतकऱ्याच्या घरावर अपाचेंच्या एका टोळीने धाड घातली आणि एक मुलगा पळवला. जॉर्ज बॅस्कम नावाचा तरुण लेफ्टनंट सैनिक घेऊन अपाचे पास या खिंडीत आला आणि त्याने कोचीसला बोलणीसाठी बोलावलं. कोचीस घरच्या माणसांना घेऊन आला, म्हणजे त्याच्या मनात लढाई नव्हती. बॅस्कमने थेट आरोप केला. कोचीस म्हणाला की हे काम आमच्या लोकांचं नाही, पण मुलगा शोधायला मी मदत करतो. बॅस्कमने सांगितलं की मुलगा परत येईपर्यंत तू आमच्या ताब्यात.

कोचीसने सुरीने तंबू फाडला आणि तो निसटला. त्याच्या घरची माणसं मात्र अडकली. मग त्यानेही काही लोक ओलीस धरले. अदलाबदल फिसकटली. कोचीसने आपले ओलीस मारले आणि लष्कराने सहा अपाचे पुरुषांना झाडाला फाशी दिली. त्यांत कोचीसचा भाऊ होता. पळवलेला मुलगा खरंच दुसऱ्या अपाचे गटाकडे होता. तो त्यांच्यातच वाढला आणि पुढे लष्करासाठी दुभाष्याचं काम करू लागला.

त्यानंतर अकरा वर्षं लढाई चालली. दोन्ही बाजूंची निरपराध माणसं मेली आणि कोचीसच्या हातांनाही रक्त लागलं, हे लपवायचं कारण नाही. त्याचे सासरे मांगास कोलोरादास 1863 मध्ये पांढऱ्या निशाणाखाली बोलणीला गेले, पकडले गेले आणि कैदेतच मारले गेले.

1871 सालची कॅम्प ग्रँटची घटना तर मला दोनदा वाचावी लागली. अरावायपा अपाचेंचा एक गट लष्कराकडे आला. आम्हाला लढायचं नाही, आम्हाला इथे राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. रॉयल व्हिटमन या लेफ्टनंटने त्यांना आपल्या ठाण्याजवळ राहू दिलं, रेशन दिलं, त्यांच्याकडून गवत कापून घेऊन मजुरी दिली. व्हिटमन हा त्यांचा जेफर्ड्सच म्हणायचा. 30 एप्रिलच्या पहाटे टूसॉन शहरातून निघालेल्या जमावाने त्यांच्या झोपड्यांवर हल्ला केला. जमावात गोरे होते, मेक्सिकन होते आणि अपाचेंचे जुने वैरी असलेले तोहोनो ओओधाम लोकही होते. शंभराहून अधिक माणसं मारली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. पुढे शंभर आरोपींवर खटला चालला. ज्युरीने विचार करायला 19 मिनिटं घेतली आणि सगळे निर्दोष सुटले. कोर्टमार्शलला सामोरं जावं लागलं ते व्हिटमनला.

त्या पहाटे मारल्या गेलेल्या लोकांच्या बाजूला एक चांगला अधिकारी होता. त्याच्या चांगुलपणात काही कमी नव्हती. त्याच्यामागे कुणी उभं नव्हतं, एवढंच.

शब्द दिला, कागद नव्हता

आता मालिकेच्या मुख्य प्रसंगाकडे येऊ. 1872 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जनरल ऑलिव्हर हॉवर्ड कोचीसला भेटायला निघाले. यादवी युद्धात उजवा हात गमावलेला हा धार्मिक वृत्तीचा माणूस. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी काम केलेला, ज्याच्या नावाने वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ ओळखलं जातं, तो हाच. कोचीसपर्यंत पोहोचवू शकेल असा गोरा माणूस एकच होता, जेफर्ड्स. हॉवर्ड, त्यांचा एक लेफ्टनंट, जेफर्ड्स आणि दोन अपाचे वाटाडे एवढीच माणसं ड्रॅगून डोंगरातल्या कोचीसच्या तळावर गेली. बरोबर फौज नव्हती.

तिथे समझोता झाला. चिरिकाहुआंना त्यांच्याच मुलखात, मेक्सिकोच्या सीमेपर्यंतची जमीन राखीव मिळाली. कोचीसच्या अटींपैकी एक होती की आमचा सरकारी एजंट जेफर्ड्सच असेल. सरकारने ती मान्य केली. अकरा वर्षांची लढाई थांबली. मालिका बघताना इथे डोळे भरून येतात, माझेही आले.

पण यातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून बोचली. हा सगळा समझोता तोंडी होता. अमेरिकी संसदेने 1871 मध्येच आदिवासी राष्ट्रांशी नवे तह करणं कायद्याने बंद केलं होतं. त्यामुळे कोचीसच्या हाती तहाचा कागद आलाच नाही. राखीव जमीन मिळाली ती डिसेंबर 1872 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने. आणि जी गोष्ट एका आदेशाने मिळते, ती दुसऱ्या आदेशाने जाऊ शकते.

आमच्या कामात ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ असा एक शब्द आहे. सगळी सिस्टिम एकाच सर्व्हरवर उभी असेल आणि तो बसला, तर सगळंच बसतं. तो सर्व्हर कितीही भारी असो, अशी रचना आम्ही धोक्याची समजतो. चिरिकाहुआंची शांतता दोन माणसांवर उभी होती.

जून 1874 मध्ये कोचीस आजारपणाने वारला. आता एकच माणूस उरला.

मग 1876 उजाडलं. रेशन कमी झालं होतं. राखीव भागातून काही तरुण सीमा ओलांडून मेक्सिकोत धाडी घालत होते, ती तक्रार जुनीच होती. एप्रिलमध्ये व्हिस्की विकणाऱ्या दोन गोऱ्यांशी काही अपाचेंचं भांडण झालं आणि दोघे मारले गेले. गुन्हा मोजक्या लोकांचा, पण जेफर्ड्सला एजंटपदावरून काढलं गेलं आणि सगळ्या चिरिकाहुआंना सान कार्लोस या उष्ण, रोगट जागी हलवण्याचा हुकूम निघाला. ऑक्टोबर 1876 मध्ये राखीव भागच रद्द झाला. दोन्ही आदेश राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याच काळातले. चार वर्षांत हिशेब मिटला.

कोचीसचा थोरला मुलगा ताझा. बापाने दिलेला शांततेचा शब्द पाळायचा म्हणून तो विरोध न करता आपल्या लोकांना घेऊन सान कार्लोसला गेला. जेरोनिमोसारखे काहीजण त्याच वेळी पळाले. ताझाला त्याच वर्षी पूर्वेकडच्या दौऱ्यावर नेलं, तिथे त्याला न्यूमोनिया झाला आणि तो वॉशिंग्टनमध्ये वारला. त्याची कबर आजही तिथल्या काँग्रेशनल दफनभूमीत आहे, घरापासून हजारो मैल दूर.

एकच रेल्वे

1950 च्या सिनेमात एक दृश्य आहे. कोचीस बाण मोडतो आणि समझोता मान्य करतो. ज्यांना तो मान्य नाही ते वेगळे होतात, आणि त्यांचा पुढारी असतो जेरोनिमो. म्हणजे प्रेक्षकाला सोपी वाटणी करून मिळते: कोचीस चांगला अपाचे, जेरोनिमो वाईट अपाचे.

ही वाटणी ओळखीची वाटते ना? मुंबईत जन्मलेले आणि युगांडात वाढलेले अभ्यासक महमूद ममदानी यांनी 2004 मध्ये ‘गुड मुस्लिम, बॅड मुस्लिम’ नावाचं पुस्तक लिहिलं. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर मुसलमानांची अशी दोन खणांत विभागणी कशी झाली, आणि त्यामुळे राजकारणाचे प्रश्न कसे संस्कृतीचे प्रश्न करून टाकले गेले, हे त्यांनी मांडलं. तो खेळ अपाचेंवर फार आधी खेळून झाला होता.

चांगल्या अपाचेचं पुढे काय झालं, याचं उत्तर 1886 मध्ये मिळतं. जेरोनिमोने सप्टेंबरमध्ये शरणागती पत्करली. त्याला शोधून काढायला लष्कराला मदत केली ती अपाचे स्काउटांनीच. मार्टिन आणि कायिता हे दोन चिरिकाहुआ जीव धोक्यात घालून त्याच्या तळावर निरोप घेऊन गेले होते. चाटो नावाचा स्काउट तर त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला बोलावला गेला आणि त्याला सरकारकडून पदक मिळालं.

मग रेल्वे आली. जेरोनिमो आणि त्याच्या मूठभर साथीदारांना फ्लोरिडाला कैदेत पाठवलं. त्यांच्याबरोबर राखीव भागात शांतपणे शेती करणाऱ्या शेकडो चिरिकाहुआंनाही पाठवलं. मार्टिन आणि कायिता यांनाही पाठवलं. पदक मिळालेल्या चाटोलाही घरी जाऊ दिलं नाही, तोही फ्लोरिडाच्या किल्ल्यात पोहोचला. मुलांना आईबापांपासून तोडून पेनसिल्वेनियातल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत घातलं. फ्लोरिडातून अलाबामा, अलाबामातून 1894 मध्ये ओक्लाहोमातलं फोर्ट सिल. युद्धकैदी हा शिक्का पुसला गेला तो 1913 मध्ये. तब्बल 27 वर्षं. कैदेत जन्मलेली मुलं कैदी म्हणूनच मोठी झाली.

मी हा भाग वाचत होतो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. एकच प्रश्न डोक्यात होता. चांगलं असण्याचा त्यांना नेमका काय फायदा झाला?

एक गोष्ट जाता जाता. 2011 मध्ये अमेरिकी सैन्याने ओसामा बिन लादेनला मारलं, त्या कारवाईत त्याच्यासाठी सांकेतिक नाव वापरलं गेलं ते ‘जेरोनिमो’. फोर्ट सिल अपाचे समाजाच्या अध्यक्षांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांना पत्र लिहून आक्षेप घेतला. सव्वाशे वर्षांनंतरही त्यांच्या पूर्वजाचं नाव शत्रूसाठीच आठवलं गेलं होतं.

माझा जेफर्ड्स

आता थोडं स्वतःबद्दल सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही भाड्याने फ्लॅट शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं आणि नाव सांगितलं की “कळवतो” म्हणायचे. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी ऑफिसातला माझा मित्र मध्ये पडला. तो त्या सोसायटीत वाढलेला. सेक्रेटरींसमोर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “काका, हा आपला माणूस आहे, हा तसा नाही.”

फ्लॅट मिळाला. त्या दिवशी मी त्याला मिठी मारली आणि आजही त्याचा ऋणी आहे. पण “तसा नाही” हे शब्द घरी जाताना माझ्याबरोबर आले. तसा म्हणजे कसा? माझ्या अब्बांसारखा? कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या सलीमसारखा? मी ‘चांगला’ ठरलो, म्हणून मला घर मिळालं. सलीमसाठी बोलायला तिथे कुणी नव्हतं.

दोन वर्षांनी मित्र कॅनडाला गेला. सोसायटीची कमिटी बदलली. नव्या लोकांना मी ‘आपला माणूस’ असल्याचं कुणी सांगितलेलं नव्हतं. करार संपला, तो पुढे वाढला नाही. कारण विचारलं तर मालक म्हणाले, “माझं काही नाही हो, वर प्रेशर आहे.” कुणी शिवी दिली नाही, कुणी दारावर आलं नाही. एक सर्व्हर बंद झाला, एवढंच.

माझ्या फ्लॅटची तुलना चिरिकाहुआंच्या 27 वर्षांच्या कैदेशी करायला मी वेडा नाही. त्यांचं दुःख त्यांचं आहे. पण रचना तीच आहे. वरच्याचा चांगुलपणा आणि मधल्याची हमी, यांवर जे उभं असतं, ते त्या दोन माणसांच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकत नाही.

आणि वरचा माणूस चांगला असला तरी काय? कोचीसच्या तळावर बिनफौजेचे गेलेले तेच जनरल हॉवर्ड. पाच वर्षांनी, 1877 मध्ये, नेझ पर्स लोकांना त्यांच्या जमिनीवरून हलवण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांनीच निर्वाणीचा इशारा दिला आणि नंतर त्यांचा पाठलागही केला. माणूस तोच होता, हुकूम बदलला होता.

दोस्ती नको, असं मी म्हणत नाही

काही तरुण मित्र यातून वेगळाच निष्कर्ष काढतील, म्हणून स्पष्ट लिहितो. “बघा, दोस्तीबिस्ती सगळं नाटक आहे, आपण आपलं बघावं,” असं मला अजिबात म्हणायचं नाही.

कोचीस गेला तेव्हा त्याच्या लोकांनी त्याला ड्रॅगूनच्या कडेकपारीत कुठेतरी दफन केलं आणि जागेची खूण ठेवली नाही. ती जागा माहीत असलेला गोरा माणूस म्हणजे जेफर्ड्स. तो त्यानंतर चाळीस वर्षं जगला आणि 1914 मध्ये वारला. एवढ्या वर्षांत त्याने ती जागा कुणाला सांगितली नाही. ती कबर आजही कुणाला सापडलेली नाही. याला मी नाटक म्हणणार नाही. अशी दोस्ती नशिबाने मिळते.

दुसरं उदाहरण तर खुद्द त्या सिनेमाचंच आहे. 1950 च्या ‘ब्रोकन अ‍ॅरो’ची पटकथा खरी लिहिली होती अल्बर्ट माल्ट्झ यांनी. ते कम्युनिस्टविरोधी लाटेत काळ्या यादीत गेलेले, त्यासाठी तुरुंगात गेलेल्या दहा हॉलिवूडकरांपैकी एक. त्यांच्या नावाने सिनेमा निघालाच नसता. मायकेल ब्लँकफोर्ट या लेखक मित्राने आपलं नाव दिलं, स्वतःची कारकीर्द धोक्यात घालून. पडद्यावर ब्लँकफोर्ट झळकले, ऑस्करचं नामांकनही त्यांच्या नावावर लागलं. माल्ट्झ यांचं नाव सिनेमाला परत मिळालं ते 1991 मध्ये, लेखकांच्या संघटनेने नोंद दुरुस्त केली तेव्हा. तोवर दोघेही हयात नव्हते. मित्रामुळे गोष्ट जगासमोर आली. नाव परत आलं ते संघटनेच्या रजिस्टरमुळे. या दोन्ही गोष्टी लागतात.

पडद्यावर कोचीस कुणी साकारला, तेही पाहा. 1950 च्या सिनेमात जेफ चँडलर, ब्रुकलिनचा ज्यू. मालिकेआधी टीव्हीवर आलेल्या तासाभराच्या रूपांतरात रिकार्डो मॉन्तलबान, मेक्सिकोचा. मग मालिकेत आपला अन्सारा, सीरियात जन्मलेला. तीन कोचीस आले, त्यांत एकही अपाचे नाही. सहानुभूतीने सांगितलेल्या गोष्टीतही स्वतःची भूमिका करण्याची मुभा त्यांना नव्हती. अन्साराने पुढे एका मुलाखतीत या भूमिकेची थट्टाच केली होती. कोचीसला दोनच कामं असायची, असं त्याचं म्हणणं: हाताची घडी घालून थोर दिसायचं, नाहीतर हात खाली सोडून थोर दिसायचं.

मला वाटतं, आपल्यातल्या शिकल्यासवरल्या तरुणांनी ही थट्टा मनावर घ्यावी. ऑफिसात, कॉलेजात, सोसायटीत आपण बरेचदा तेच करत असतो. हाताची घडी घालून थोर दिसत उभे असतो. कुणाला आपली भीती वाटू नये म्हणून जास्त हसतो, प्रत्येक बातमीनंतर निषेधाची पोस्ट टाकतो, ‘तसे नाही’ हे सिद्ध करत राहतो. त्यात दमून जातो. आणि त्यातून मिळतं ते प्रमाणपत्र आपल्यापुरतं असतं, दोन वर्षांच्या करारासारखं.

त्यापेक्षा कागदाकडे वळू या. आपल्याकडे कागद आहे, हे चिरिकाहुआंच्या तुलनेत आपलं मोठं नशीब. पण त्यात फटी आहेत. संविधानाचं पंधरावं कलम मुख्यतः सरकारला भेदभाव करण्यापासून रोखतं. खासगी घरमालकाने धर्म पाहून घर नाकारलं, तर त्याला थेट लागू होईल असा स्पष्ट कायदा आपल्याकडे अजून नाही. ती मागणी करायला हवी, आणि ती मुसलमानांसाठी म्हणून करू नये. जात पाहून, ताटातलं मटण पाहून, एकटी बाई म्हणून ज्यांना ज्यांना “कळवतो” ऐकावं लागतं, त्या सगळ्यांबरोबर करावी. तिथे आपल्याला दोस्त लागतील, भरपूर लागतील. फक्त त्यांनी “हा तसा नाही” म्हणायच्या ऐवजी “नियम दाखवा” म्हणावं, एवढी अपेक्षा.

चिरिकाहुआंनीही शेवटी तोच रस्ता धरला. फोर्ट सिल अपाचे समाजाने न्यू मेक्सिकोत, पूर्वजांच्या मुलखात, सुमारे 30 एकर जमीन विकत घेतली आणि 2011 मध्ये सरकारने तिला राखीव भूमीचा दर्जा दिला. कोचीसला मिळालेल्या मुलखापुढे 30 एकर म्हणजे काहीच नाही. पण यावेळी ती कागदावर आहे.

मी आता दुसऱ्या सोसायटीत राहतो, स्वतःच्या घरात. गेल्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडला: भाडेकरूला धर्म, जात, आहार किंवा लग्न झालं की नाही या कारणावरून सोसायटी हरकत घेणार नाही, आणि हरकत घ्यायचीच असेल तर कारण लेखी देईल. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी अनुमोदन दिलं. त्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, पण माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त ठराव वाचून दाखवा म्हणाल्या. बरीच चर्चा झाली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. ती सभा सप्टेंबरात आहे.